आधी निर्णयाचा प्रकार ओळखा : नव्या व्यवस्थापकांसाठी मार्गदर्शन

व्यवस्थापकाच्या खुर्चीत नव्याने बसलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा कामाच्या भाराची असते. मात्र त्याच्याशी सविस्तर बोलले की हा भार कामापेक्षा निर्णयांचा अधिक असल्याचे लक्षात येते. सकाळी टेबलावर एक रजेचा अर्ज, पुरवठादाराचे दरपत्रक, उधारीची मुदत वाढवून मागणारे जुन्या ग्राहकाचे पत्र आणि नवे यंत्र घ्यावे की नाही याविषयीचा अहवाल असे चार कागद येतात, आणि नवा माणूस चारही कागदांना सारखाच वेळ व सारखीच काळजी देऊ पाहतो. त्यामुळे रजेच्या अर्जावर दोन दिवस खल होतो आणि यंत्राचा निर्णय मात्र दिवसाच्या शेवटी, थकल्या डोक्याने, दहा मिनिटांत उरकला जातो. चुकीचा पर्याय निवडल्याने होते त्याहून अधिक नुकसान एका प्रकारच्या निर्णयाला दुसऱ्या प्रकारची पद्धत लावल्याने होते, असे माझे या कामातील अनुभवाअंती मत झाले आहे. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये ‘काय ठरवावे’ याआधी ‘हा निर्णय कोणत्या जातीचा आहे’ हे ओळखण्यावर भर दिला आहे.

पायरी १ : निर्णय एका वाक्यात लिहून काढा

‘विक्री घटली आहे’ ही परिस्थिती झाली, तो निर्णय नव्हे. ‘येत्या तिमाहीसाठी दर कमी करायचे, जाहिरात वाढवायची की आहे तसेच चालू ठेवायचे, हे १५ तारखेपर्यंत मी ठरवायचे आहे’ हे वाक्य मात्र निर्णयाचे आहे, कारण त्यात पर्याय आहेत, मुदत आहे आणि ठरवणारा कोण हेही आहे. या तिन्हींपैकी काही लिहिता येत नसेल, तर निर्णय घेण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे. ‘आहे तसेच चालू ठेवणे’ हा पर्याय यादीत आवर्जून लिहावा. तो लिहिला नाही तर त्याचा खर्च कधीच मोजला जात नाही, आणि काही न ठरवता गेलेला महिना हाही एक निर्णयच होता हे फार उशिरा कळते. तसेच, निर्णय आपल्या अधिकारातला आहे का, हे याच वेळी तपासावे. कोणत्या रकमेपर्यंत कोणाची सही चालते याची अधिकारमर्यादा बहुतेक संस्थांमध्ये लेखी ठरलेली असते, आणि नव्या माणसाने ती पहिल्याच आठवड्यात मागून घेऊन वाचलेली बरी.

पायरी २ : हा प्रश्न नेहमीचा आहे की पहिल्यांदाच आलेला?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारण्यासारखा आहे, आणि व्यवस्थापनशास्त्रात तो ठळकपणे मांडला तो हर्बर्ट सायमन यांनी. १९६० साली त्यांनी निर्णयांची दोन टोके सांगितली. एका टोकाला वारंवार येणारे, ठरावीक पद्धतीने सोडवता येणारे नियोजित निर्णय आणि दुसऱ्या टोकाला नवे, गुंतागुंतीचे, ज्यांना तयार उत्तर नाही असे अनियोजित निर्णय. आर्थिक संघटनांमधील निर्णयप्रक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही दोन टोके आहेत, दोन बंद कप्पे नव्हेत, हे सायमन यांनीच स्पष्ट केले होते. बहुतेक निर्णय मध्ये कुठेतरी बसतात.

नेहमीचा निर्णय असेल, तर तो पुन्हा पुन्हा घेत बसू नये. त्याचा नियम करावा आणि नियम हाताखालच्या माणसाकडे सोपवावा. मी खरेदी विभागात नवा होतो तेव्हा प्रत्येक ऑर्डर माझ्या सहीनेच जावी असा माझा आग्रह होता आणि त्यालाच मी जबाबदारीची जाणीव समजत होतो. एकदा चार दिवस बाहेरगावी गेलो आणि परतलो तेव्हा तयार माल पॅकिंगच्या खोक्यांअभावी तसाच पडून होता. खोकी संपत आल्याचे स्टोअरमधल्या कर्मचाऱ्याला दिसत होते, परंतु ऑर्डर देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

त्यानंतर केलेला हिशोब अगदी साधा आहे. समजा रोज ४० खोकी लागतात आणि ऑर्डर दिल्यापासून माल यायला ६ दिवस लागतात. म्हणजे माल येईपर्यंत २४० खोकी वापरली जाणार. पुरवठादाराला कधीकधी दोन दिवस उशीर होतो, म्हणून दोन दिवसांची ८० खोकी राखीव धरायची. दोन्ही मिळून ३२०. शिल्लक साठा ३२० वर आला की कोणाला न विचारता ऑर्डर द्यायची. यालाच रिऑर्डर लेव्हल म्हणतात. एका वेळी किती माल मागवणे स्वस्त पडते याचेही सूत्र आहे. फोर्ड हॅरिस यांनी ते १९१३ साली मांडले आणि साठा-नियंत्रणात ते आजही शिकवले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ जे काम सूत्राने होत आले आहे, त्यासाठी व्यवस्थापकाने आपली सकाळ खर्च करू नये.

नियम करताना एक ओळ मात्र विसरू नये, ती म्हणजे नियम कधी थांबवायचा याची. वरच्या उदाहरणात ‘एका आठवड्यात रोजचा वापर ६० च्या वर गेला किंवा पुरवठादाराने दर बदलला, तर ऑर्डर देण्याआधी विचारावे’ अशी ओळ हवी. परिस्थिती बदलल्यावरही नियम चालत राहिला, तर नवा प्रश्न जुन्या उत्तराखाली झाकला जातो, आणि अशी चूक उशिरा सापडते.

पायरी ३ : परत फिरता येईल का?

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना २०१५ या वर्षासाठी लिहिलेल्या पत्रात निर्णयांची दोन दारांशी तुलना केली होती. एका दारातून आत गेले की परत येता येत नाही. दुसऱ्या दारातून आत जाऊन पाहता येते आणि नको वाटले तर मागे फिरता येते. मोठ्या होत जाणाऱ्या संस्था दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांनाही पहिल्या प्रकारची संथ, जड पद्धत लावू लागतात, ही त्यांची काळजी होती. नव्या व्यवस्थापकांनी ही कसोटी जरूर वापरावी. महिनाभरासाठी कामाच्या पाळ्यांची वेळ बदलून पाहणे, एखाद्या वस्तूची मांडणी बदलणे, अहवालाचा नमुना बदलणे हे सारे परत फिरवता येते. तिथे लवकर ठरवावे आणि परिणाम पाहावा. कारखान्याची जागा, दीर्घ मुदतीचा करार, भागीदार निवडणे किंवा माणसाला कामावरून कमी करणे हे परत फिरवता येत नाही, किंवा फिरवायची किंमत फार मोठी असते. तिथे मुदत असेल तेवढा वेळ पुरेपूर वापरावा.

परत न फिरणारा निर्णय पुष्कळदा तुकड्यांत घेता येतो, हेही सांगितले पाहिजे. यंत्र विकत घेण्याआधी ते सहा महिने भाड्याने घेता येते, पाच वर्षांच्या कराराआधी एका वर्षाचा करार करता येतो. थोडा जादा खर्च होतो, परंतु त्या खर्चात माहिती आणि मागे फिरण्याची सोय या दोन्ही गोष्टी मिळतात.

पायरी ४ : पातळी पाहा

इगॉर अँसॉफ यांनी १९६५ साली निर्णयांच्या तीन पातळ्या सांगितल्या : कोणत्या बाजारात कोणती वस्तू घेऊन उतरायचे हे ठरवणारे धोरणात्मक निर्णय, त्यासाठी माणसे, पैसा व रचना कशी उभी करायची हे ठरवणारे प्रशासकीय निर्णय, आणि रोजचे उत्पादन, विक्री व दर यांविषयीचे कार्यचालनाचे निर्णय. नवा व्यवस्थापक बहुधा तिसऱ्या पातळीवर काम करतो. त्याने एवढेच पाहावे की आपला रोजचा निर्णय वरच्या धोरणाच्या विरोधात जात नाही ना. दर्जाच्या जोरावर उभ्या असलेल्या संस्थेत खरेदी विभागाने सर्वांत स्वस्त कच्चा माल निवडला, तर तो निर्णय कागदावर बचतीचा दिसला तरी चुकीचाच ठरेल.

पायरी ५ : माहिती किती आहे, हे प्रामाणिकपणे ठरवा

माहितीच्या दृष्टीने निर्णयांचे तीन प्रकार होतात. परिणाम नक्की माहीत असेल तर निश्चितता. परिणाम नक्की नाही पण प्रत्येक परिणामाची शक्यता आकड्यात सांगता येते तेव्हा जोखीम. आणि शक्यताच सांगता येत नाही तेव्हा अनिश्चितता. जोखीम आणि अनिश्चितता यांतला हा भेद फ्रँक नाइट यांनी १९२१ साली मांडला. व्यवहारात सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण अनिश्चिततेला आपण घाईने जोखीम समजतो आणि मनाने काढलेला टक्का मोजलेला असल्यासारखा वापरतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. मागणी वाढेल अशी चिन्हे आहेत आणि दोन पर्याय आहेत : नवे यंत्र घेणे किंवा जुन्या यंत्रावर दुसरी पाळी सुरू करणे. मागणी वाढली तर यंत्रातून ५० चा नफा आणि घटली तर ३० चा तोटा होईल. दुसऱ्या पाळीतून मागणी वाढली तर २० चा नफा आणि घटली तरी २ चा नफा राहील. (आकडे कोणत्याही चलनातील, कितीही शून्ये जोडून वाचावेत.)

मागणी वाढण्याची शक्यता ६० टक्के आहे असे पूर्वीच्या नोंदींवरून खात्रीने सांगता येत असेल, तर ही जोखीम झाली आणि अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रत्येक परिणामाला त्याच्या शक्यतेचे वजन देऊन येणारी सरासरी, काढता येते. यंत्राचे अपेक्षित मूल्य ५० चे ६० टक्के, म्हणजे ३०, वजा ३० चे ४० टक्के, म्हणजे १२, उत्तर १८. दुसऱ्या पाळीचे १२ अधिक ०.८, म्हणजे १२.८. या हिशोबाने यंत्र घ्यावे असे ठरते.

पण नोंदी नाहीत, वस्तू नवी आहे आणि ६० टक्के हा कोणाचा तरी नुसता अंदाज आहे, असे असेल तर ही अनिश्चितता आहे आणि पद्धत बदलावी लागते. सर्वांत वाईट परिस्थितीत कोणता पर्याय कमी दुखावतो, असे विचारले तर दुसरी पाळी निवडावी लागेल, कारण तिच्यात तोटाच नाही. सर्वांत चांगल्या परिस्थितीकडे पाहिले तर यंत्र निवडावे लागेल. तिसरी रीत पश्चात्तापाची आहे. यंत्र घेतले आणि मागणी घटली, तर पाळीचे २ मिळण्याऐवजी ३० गेले, म्हणजे हळहळ ३२ ची. पाळी सुरू केली आणि मागणी वाढली, तर ५० ऐवजी २० मिळाले, म्हणजे हळहळ ३० ची. मोठ्यात मोठी हळहळ कमीत कमी ठेवायची असेल, तर पाळी थोड्या फरकाने पुढे येते.

मला स्वतःला या सर्वांपेक्षा चौथी रीत अधिक उपयोगी वाटते. शक्यता किती आहे हे विचारण्याऐवजी, शक्यता किती असली म्हणजे दोन्ही पर्याय सारखे होतील, असे विचारावे. वरच्या आकड्यांत हे उत्तर सुमारे ५२ टक्के येते. त्यामुळे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो : मागणी वाढण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या वर आहे असे आपल्याला वाटते का? विक्री विभाग ८० म्हणत असेल आणि लेखा विभाग ६५ म्हणत असेल, तर त्यांचे भांडण मिटवायची गरजच उरत नाही. दोघांचेही उत्तर ‘यंत्र’ असेच आहे. विक्री विभाग ६० आणि लेखा विभाग ४५ म्हणत असेल, तरच अधिक माहिती गोळा करण्यावर खर्च करणे योग्य ठरेल. अर्थात, ३० चा तोटा संस्थेला सोसण्यासारखा नसेल, तर टक्केवारी काहीही असली तरी यंत्र घेऊ नये, कारण सरासरीचा नफा पाहायला संस्था शिल्लक राहायला हवी.

पायरी ६ : एकट्याने ठरवायचे की सर्वांना घेऊन?

व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन यांनी १९७३ साली दाखवून दिले की ‘हुकूम’ आणि ‘सर्वसंमती’ यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. नेता स्वतःजवळच्या माहितीवर ठरवू शकतो. सहकाऱ्यांकडून फक्त माहिती घेऊन स्वतः ठरवू शकतो. एकेकाला भेटून मत विचारू शकतो. सर्वांना एकत्र बसवून मते ऐकून मग स्वतः ठरवू शकतो. किंवा निर्णयच गटावर सोपवू शकतो. यांपैकी कोणती रीत घ्यायची हे दोन गोष्टींवरून ठरवावे : आवश्यक माहिती कोणाजवळ आहे, आणि अंमलबजावणी करणाऱ्यांनी मनापासून मान्यता दिल्याशिवाय हा निर्णय चालेल का. पाळ्यांची वेळ बदलण्याचा निर्णय पाळीत काम करणाऱ्यांना न विचारता घेऊ नये. आग लागली असताना कोणत्या दाराने बाहेर पडायचे, याची मात्र बैठक घेऊ नये.

कोणती रीत वापरणार आहोत, हे बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. ‘तुमची मते ऐकून निर्णय मी घेणार आहे’ असे सांगितले तर कोणी दुखावत नाही. परंतु ‘आपण मिळून ठरवू’ असे म्हणून आधीच ठरवलेले पुढे केले, तर पुढच्या बैठकीत माणसे तोंडही उघडत नाहीत.

गटाने घेतलेला निर्णय आपोआप चांगला ठरतो, असेही नाही. १९६१ साली क्युबातील बे ऑफ पिग्ज येथे अमेरिकेच्या पाठबळावर झालेला हल्ला पूर्ण फसला. हुशार सल्लागारांच्या मंडळाने अशी योजना मान्य कशी केली, याचा अभ्यास करून आयर्व्हिंग जेनिस यांनी १९७२ साली ‘गटविचार’ ही संकल्पना मांडली : एकोपा टिकवण्याच्या इच्छेपोटी शंका गिळल्या जातात आणि सगळ्यांचे मौन हीच संमती समजली जाते. त्या हल्ल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ च्या क्युबातील क्षेपणास्त्र संकटात, राष्ट्राध्यक्ष केनेडी काही बैठकांना मुद्दाम हजर राहिले नाहीत, जेणेकरून सल्लागारांनी मोकळेपणाने बोलावे. व्यवस्थापकाला यातून घेण्यासारखी सवय सोपी आहे. पदाने सर्वांत मोठ्या माणसाने सर्वांत शेवटी बोलावे, आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपले मत दोन ओळींत लिहून द्यावे. लिहिलेले मत दुसऱ्याचे ऐकून सहजासहजी बदलत नाही.

पायरी ७ : अंतःप्रेरणेला किती मान द्यावा

अनुभवी माणसाला उत्तर चटकन सुचते, हे खरे आहे. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हे अधिकारी पर्यायांची तुलना करत बसत नाहीत, तर परिस्थितीची ओळख पटताच पहिला चालण्यासारखा उपाय उचलतात, असे त्यांना आढळले. दुसरीकडे डॅनिएल काहनेमन यांनी माणसाचे अंदाज कसे पद्धतशीरपणे चुकतात हे आयुष्यभर दाखवले. या दोघांनी २००९ साली एकत्र लेख लिहिला आणि त्यांचे एका गोष्टीवर एकमत झाले : जिथे परिस्थितीत नियमितपणा असतो आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे वारंवार कळत जाते, तिथेच अंतःप्रेरणा भरवशाची होते. म्हणून वीस वर्षे यंत्राजवळ काम केलेला कारागीर ‘आवाज वेगळा येतोय’ म्हणाला तर यंत्र थांबवावे; पण नवी वस्तू बाजारात चालेल की नाही याविषयी कोणी कितीही ठामपणे सांगितले, तरी आकडे मागावेत.

इथे सायमन यांचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण काळजीपूर्वक काम करणारी नवी माणसे तिच्याअभावी अडकून पडतात. माणसाची माहिती, वेळ आणि बुद्धी मर्यादित असते, त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा चांगला पर्याय मिळाला की थांबतो, असे त्यांनी दाखवले. हे माहीत असले की आधीच ‘पुरेसे’ म्हणजे काय ते लिहून ठेवता येते. पुरवठादार निवडताना दर्जा, मुदत आणि दर यांच्या किमान अटी ठरवाव्यात. त्या पुऱ्या करणारे तीन सापडले की चौथा शोधत बसू नये.

पायरी ८ : नोंद ठेवा आणि फेरविचाराची तारीख घाला

मोठ्या निर्णयावर शिक्कामोर्तब करण्याआधी एक तास काढून क्लाइन यांनीच सुचवलेली एक रीत वापरावी. एक वर्ष उलटले आहे आणि हा निर्णय पूर्णपणे फसला आहे, असे गृहीत धरून प्रत्येकाने फसण्याची कारणे लिहावीत. ‘काही धोका वाटतो का?’ असे विचारल्यावर गप्प राहणारी माणसे, फसलेच आहे असे धरल्यावर मोकळेपणाने लिहितात.

त्यानंतर एका पानावर पाच गोष्टी लिहाव्यात : काय ठरवले, कोणते पर्याय सोडले, कोणत्या माहितीवर विसंबलो, काय घडेल असे वाटते, आणि कोणत्या तारखेला, कोणता आकडा किती झाला तर हा निर्णय बदलायचा. पाचवी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७६ साली केलेल्या प्रयोगात असे दिसले की, ज्यांनी आधीचा गुंतवणुकीचा निर्णय स्वतः घेतला होता आणि तो फसला होता, त्यांनीच त्या बुडत्या कामात अधिक पैसा ओतला. गेलेला पैसा परत येणार नसतो, तरीही तो पुढच्या निर्णयाला ओढत राहतो. बदलाचा आकडा आधीच, डोके शांत असताना लिहिलेला असेल, तर या ओढीला आवर घालता येतो.

तारीख आली की पान उघडावे आणि निर्णय ज्याने घेतला त्याच्याखेरीज आणखी एका माणसाने ते वाचावे. १९८५ साली मेमरी चिपच्या व्यवसायात तोटा सोसणाऱ्या इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारले होते की, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करील. मूर म्हणाले, तो मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असे ग्रोव्ह यांनी विचारले, आणि इंटेलने तो व्यवसाय सोडून मायक्रोप्रोसेसरवर लक्ष केंद्रित केले. फेरविचाराच्या दिवशी पानाच्या वरच्या कोपऱ्यात हाच प्रश्न लिहून ठेवावा : आज या खुर्चीत नवा माणूस आला असता, तर त्याने हे काम चालू ठेवले असते का?